गट नंबर नसलेला नकाशा

सेलू
२९ ऑक्टोबर २०२३

धम्मा,

बारा वर्षांनी तुला पत्र लिहायला बसलेय. फोन करता आला असता, पण आमच्याकडं फोनवर बोलायचं म्हणजे बैठकीत बोलायचं. आमचे हे, परमेश्वर, पेपर वाचत बसलेले असतात आणि मी बोलायला लागले की पान उलटायचं थांबवतात. तुझ्याकडं तर "बोल गं, बोल" चालू असतानाच मागून कुणीतरी "सिस्टर" म्हणून हाक मारतं. म्हणून कागद घेतला.

सासूबाई मे महिन्यात गेल्या, ते तुला ठाऊकच आहे. चार वर्षं अंथरुणाला खिळून होत्या. वालूरच्या शाळेतून घरी आले की त्यांची कूस बदलायची, पेज भरवायची, चादरी धुवायच्या. शेवटचं पाणीबी माझ्याच हातचं घेतलं त्यांनी. सगळे म्हणाले, सुनेनं लेकीपेक्षा जास्त केलं.

आता हातांना काम न्हाई आणि पाय काही थांबेनात. भाजी फोडणीला टाकते न टाकते तोच गच्चीवर जाऊन येते. स्टेशन रोडनं दोन-दोन चकरा मारते. शेजारची कडूबाई विचारते, "मॅडम, काय हरवलं काय?" परवा शाळा सुटल्यावर स्कूटी घराकडं वळवलीच न्हाई. देवगाव फाट्यापर्यंत गेले, टपरीवर चहा घेतला आणि परत आले. कामून गेले, ते मलाच कळलं न्हाई.

जूनमध्ये तू फोनवर म्हणाली होतीस की, रविवारी कुठल्यातरी क्लबात जाते, हातात नकाशा घेऊन टेकडीवर पळते. तेव्हा घरात माणसं बसलेली, मला नीट ऐकता आलं न्हाई. ते काय असतं, सविस्तर लिही. सरजामावशीला नमस्कार सांग.

तुझी
शिवकन्या

पुणे
११ नोव्हेंबर २०२३

शिवा,

सप्रेम जयभीम. तुझं पत्र आईनं दोनदा वाचून घेतलं. म्हणाली, "वालूरच्या खो-खोत तिला धरायला तुमची सगळी टीम लागायची, ती कशी बसंल एका जागी?"

त्या खेळाला ओरिएंटिअरिंग म्हणतात. नाव ऐकून घाबरू नकोस, मी पण घाबरले होते. माझ्या वॉर्डातल्या एका पेशंटनं सांगितलं म्हणून गेले. मोकळ्या रानात किंवा टेकडीवर ठिकठिकाणी नारिंगी-पांढरे झेंडे लावून ठेवतात. आपल्या हातात नकाशा आणि होकायंत्र. नकाशावर गोल काढून नंबर दिलेले असतात. एक नंबर शोधायचा, तिथल्या चिमट्यानं कार्डाला भोक पाडायचं, मग दोन नंबर. वाट कुठली धरायची ते ज्याचं त्यानं ठरवायचं. पळालं तरी चालतं, चाललं तरी चालतं. आमच्याकडं सहा वर्षांच्या मुलीपासून एकसष्ट वर्षांच्या नागेश सरांपर्यंत सगळे असतात. क्लब तेच चालवतात, नव्या माणसाला पहिल्या दिवशी स्वतः बरोबर नेतात.

तीन गोष्टी शिकवल्या, त्या तुला सांगते. आपण वळलो की नकाशाही वळवायचा, म्हणजे नकाशातली उत्तर नेहमी खऱ्या उत्तरेकडं राहते. आपण जिथं आहोत तिथं अंगठा ठेवायचा आणि तो आपल्याबरोबर सरकवत न्यायचा. आणि शंभर मीटरला आपली किती पावलं होतात ते मोजून ठेवायचं.

यासाठी पुण्यालाच असायला पाहिजे असं काही नाही. नागेश सर म्हणतात, चार माणसं आणि एक शाळेचं मैदान असलं की क्लब झाला. तू सुरू का करत नाहीस? आधी शाळेचा नकाशा काढ. मैदान पुरेनासं झालं की गायरानात जा.

एक नियम मात्र लिहून ठेव. जो निघाला त्यानं शेवटी टेबलावर येऊन नाव सांगायचंच. एकही झेंडा सापडला नाही तरी, कंटाळून अर्ध्यातून परतला तरी. यादी पुरी झाल्याशिवाय कुणी घरी जायचं नाही. बाकी काही चुकलं तरी चालेल, हे चुकू देऊ नकोस.

या रविवारी दिवाळी, म्हणून क्लबला सुट्टी आहे. नाहीतर उद्या पहाटेच मी बूट घातले असते.

तुझी
धम्मशीला

सेलू
३ डिसेंबर २०२३

धम्मा,

झालं गं, सुरू झालं!

मी नुसती विचार करत बसणारी बाई न्हाई, हे तुला माहीत आहे. तुझं पत्र आलं त्याच आठवड्यात सूर्यभानकाकांना गाठलं. आठवतात ना? वालूरचेच, भूमी अभिलेख कार्यालयातून भूकरमापक म्हणून निवृत्त झालेले. आयुष्यभर लोकांच्या जमिनी मोजल्या. मी म्हणलं, "काका, शाळेचा नकाशा काढून द्या, खेळायला." ते म्हणाले, "तीस वर्षं मी नकाशा काढला की दोन भाऊ भांडायचे. खेळायला कोणी मागितला न्हाई." दुसऱ्या दिवशी टेप घेऊन हजर. हापसा, लिंबाचं झाड, पडकी भिंत, सगळं मापात.

झेंडे राजेश्रीनं शिवले. बाजारगल्लीत तिचं शिवणाचं दुकान आहे, मशीनवर बसून बसून पाठ धरलेली. तिला म्हणलं, शिव आणि मग शोधायलाबी ये. पहिल्या रविवारी आम्ही पाच जणी आणि काका. दुसऱ्या रविवारी अकरा. काकांनी आता गायरानाचाबी नकाशा केलाय: माळ, ओघळ, कालवा, बोरीची झाडं, दगडांच्या राशी.

माझं सांगू? त्या माळाच्या कडेनं मी अठरा वर्षं स्कूटीवरनं जायलेय. परवा नकाशा घेऊन आत शिरले आणि दहाव्या मिनिटाला आपण कुठं आहोत तेच कळेना. सगळीकडं सारखंच गवत. छातीत धडधडायला लागलं आणि त्याच वेळी असं वाटलं की चार वर्षांत पहिल्यांदाच श्वास आत जायलाय. तिथंच पाच मिनिटं उभी राहिले. मग ओघळ दिसली, नकाशा फिरवला आणि झेंडा सापडला. कोणी नव्हतं तरी ओरडले.

आता बघ. २८ जानेवारीला रविवार आहे. गायरानात पहिला मोठा कार्यक्रम घ्यायचा ठरवलंय, सेलूहूनबी माणसं येणार. सगळे तुलाच गुरू मानायलेत. "पुण्याच्या मॅडम" म्हणतात. तुला यायचंच आहे, ड्यूटी बदलून घे. सुरुवात तुझ्या हातानं करायची.

तुझी
शिवा

पुणे
१५ डिसेंबर २०२३

शिवा,

वाचून आनंद झाला. काकांना माझा नमस्कार.

२८ तारखेचं जमेल असं वाटत नाही. वॉर्डात दोन सिस्टर रजेवर आहेत. शिवाय आईचे गुडघे. आणि माझी गरज तरी काय आहे? तू सगळं छान केलंयस. गुरू वगैरे काही म्हणू नका. मी साधी खेळणारी आहे.

झेंडे लावताना आधी स्वतः फिरून ये. बाकी ठीक.

धम्मशीला

सेलू
३१ डिसेंबर २०२३

धम्मशीला,

चार ओळींचं पत्र मिळालं. मी ते टेबलावर ठेवलं आणि दोन आठवडे त्याच्याभोवती फिरायलेय.

इथं काय झालं ते ऐक. गेल्या रविवारी सरावासाठी गायरानात सात झेंडे लावले. सकाळी दहाला जाऊन बघते तर एकबी न्हाई. गायरानाला लागून भुजंगरावांचं शेत आहे. त्यांनी सगळे उपटले आणि शाळेच्या फाटकासमोर आणून टाकले. बरोबर आठ-दहा माणसं.

"मॅडम, कोणाची मोजणी चालू हाय?" म्हणाले.

मी म्हणलं, "मोजणी न्हाई, खेळ आहे."

"खेळ? सूर्यभान मोजणीदार नकाशा घेऊन हिंडायलाय, निशाण्या रोवायलाय, आन तुमी म्हनता खेळ? तिकडं महामार्गाला जमिनी गेल्या तवाबी पयले असेच झेंडे आले होते. आमाला येडं समजलाव का?"

राजेश्रीनं शिवलेले झेंडे मातीत पडलेले. मागून कोणीतरी म्हणालं, "घरात म्हातारी मेली, आता बाईला रान मोकळं झालं." मुख्याध्यापकांनी दोन दिवसांनी बोलावलं. म्हणाले, हे शाळेच्या नावावर नको.

अशा वेळी मला तू पाहिजे होतीस. तुझ्या ड्यूटीचं कारण मला पटत न्हाई. मला वाटतं ते लिहूनच टाकते. तुला वालूरला यायचं न्हाई. आमच्या माहेरच्या घरात तुझा पेला वेगळा ठेवलेला असायचा. तू कधी बोलली न्हाईस, मीबी न्हाई. मी तर दोघींना पाणी आणताना तुझा पेला डाव्या हातात धरायचे, सवयीनं. ते तू विसरली न्हाईस आणि विसरावंस असं मी म्हणत न्हाई. पण मग तसं लिही. गुडघ्यांचं निमित्त नको.

शिवकन्या

पुणे
७ जानेवारी २०२४

शिवा,

पेला मला आठवतो. तो हिशेब आपण एकदा समोरासमोर बसून बोलू, मला बोलायचाय. पण न येण्याचं कारण ते नाही. खरं कारण त्याहून लाजिरवाणं आहे आणि ते पूर्ण माझं आहे.

मी क्लबात जात नाही. जुलैपासून गेलेली नाही. मी एकूण तीन रविवार गेले.

तिसऱ्या रविवारी मला एकटीला सोडलं. तीन झेंडे सापडले, चौथा सापडेना. माझ्या पुढून शाळेतली मुलं भराभर भोकं पाडून जात होती. मी तीनदा त्याच खडकाशी परत आले. सव्वा तास झाला. खाली टेबलाभोवती सगळे बसलेले वरून दिसत होते, हसत होते, केळी खात होते. आणि मला तिथं शेवटची म्हणून, अर्धं रिकामं कार्ड घेऊन उतरता येईना. तू मला ओळखतेस. वालूर सोडलं तेव्हा ठरवलं होतं, हरलेली कुणाला दिसायचं नाही. वीस वर्षं तसंच वागले.

मी टेकडीच्या दुसऱ्या बाजूनं उतरले, रस्त्याला लागले आणि रिक्षानं घरी आले. कुणाला सांगितलं नाही. फोन वाजत होता. मी तो बंद केला.

ते तीन तास मला शोधत होते. नावानं हाका मारत टेकडी पालथी घातली. नागेश सर एका उतारावरून घसरून पडले आणि त्यांचा घोटा मोडला. संध्याकाळी फोन चालू केला तेव्हा हे सगळं मेसेजमधून कळलं. मी फक्त "मी घरी आहे, सॉरी" एवढं लिहिलं. मी, शिवा, जी वॉर्डात रोज मोडलेली हाडं सांभाळते, ती त्यांना बघायलाही गेले नाही.

मग तुझं पत्र आलं. तुझे पाय थांबत नाहीत असं लिहिलंस आणि मला वाटलं, हिला हे द्यावं. म्हणून अजून जाते आहे असं लिहिलं. दिवाळीच्या सुट्टीचं आणि बुटांचं सगळं खोटं. तू "गुरू" म्हणालीस त्या दिवशी जेवण गेलं नाही.

आता तुला काय म्हणायचं ते म्हण.

धम्मा

सेलू
१३ जानेवारी २०२४

धम्मा,

आधी लय राग आला. दोन महिने तुझ्या शब्दावर मी माणसं रानात सोडायलेय! मग उठले, स्टेशन रोडला दोन चकरा मारल्या, परत येऊन पुन्हा वाचलं. तू जे शिकवलंस त्यातलं काही खोटं न्हाई. झेंडे सापडतात, यादी पुरी होते. खोटी तेवढी तू.

तू त्या सरांकडं जा. मला सॉरी लिहू नको, मला काही झालं न्हाई. त्यांच्या दारात उभी राहा. ते काय म्हणतील ते ऐकून घे आणि मग मला लिही. न्हाई गेलीस तर पत्र पाठवू नको.

इकडचं सांगते. भुजंगरावांना मीच गाठलं. त्यांच्या बांधावर गेले, सूर्यभानकाका बरोबर. नकाशा त्यांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा लावला आणि बराच वेळ बघत बसले.

"आमचा गट नंबर कुठं हाय यात?"

"न्हाई," काका म्हणाले.

"शेजारच्याचा?"

"कोणाचाच न्हाई. हद्द न्हाई, बांधावरचं नाव न्हाई. ही दगडाची रास, ही बोर, ही ओघळ."

"मंग असला नकाशा कोणाच्या कामाचा?"

मी म्हणलं, "पळणाऱ्याच्या."

त्यांनी मान हलवली. मग म्हणाले, "काका, तुमी माझ्या बापाची जमीन मोजली तवा सव्वा गुंठा शेजारच्याकडं टाकला होता. तुमच्या हातात कागद दिसला की मला झोप लागत न्हाई."   काका खाली बघत म्हणाले, "त्या साली मोजणीची साखळी जुनी होती. चुकलं असंल."  मी पाणी प्यायचं निमित्त करून बाजूला झाले.

परवानगी मिळाली. अट एवढीच की, त्या दिवशी भुजंगराव स्वतः बांधावर उभे राहणार. मी म्हणलं, उभे राहा, येणाऱ्याला पाणी पाजा.

शिवा

पुणे
१९ जानेवारी २०२४

शिवा,

गेले. तीन वेळा त्यांच्या गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन परत आले, चौथ्या वेळी बेल वाजवली.

नागेश सर काठी घेऊन चालतात अजून. मला बघून म्हणाले, "तुम्ही त्या जुलैच्या." मी सगळं सांगितलं, तुला लिहिलं तसंच. त्यांनी मध्ये तोडलं नाही. मग म्हणाले, "पाय मोडला तो माझ्या चुकीनं. पावसाळ्यात त्या बाजूनं उतरायचं नसतं, मला कळायला हवं होतं. त्याचा राग नाही. फोन बंद केलात त्याचा आहे. आमच्यातली एक पोरगी तुमच्या नावानं हाका मारून मारून रडायला लागली होती." मी म्हटलं, तिची माफी मागायला येईन. ते म्हणाले, "या." एवढंच. माफ केलं असं काही म्हणाले नाहीत.

मी उठायला लागले तर त्यांनी विचारलं, आज सहा महिन्यांनी कशा आलात? मी तुझं सांगितलं. वालूर, काका, राजेश्रीचे झेंडे, भुजंगराव. तू पाठवलेली नकाशाची प्रत पर्समध्ये होतीच, ती काढली. मग काय! दीड तास. चष्मा कपाळावर, नकाशा जेवणाच्या टेबलावर. म्हणाले, चार नंबरचा झेंडा तुम्ही विहिरीजवळ ठेवलाय, तिला कठडा आहे का? नसेल तर आजच हलवा. कालव्याच्या काठावर एकही नको. ओघळीत खाली ठेवा, वर नको, म्हणजे नकाशा वाचावा लागेल.

आठ होकायंत्रं दिली आहेत, वापरून परत आणायच्या बोलीवर. म्हणजे आणून द्यायला मला यावं लागेल आणि परत करायला त्यांच्याकडं जावं लागेल. म्हाताऱ्यानं बरोबर बांधून घेतलं मला.

२७ ला येते. आईलाही आणते. पण गुरू म्हणून नाही. मला शेवटच्या टेबलावर बसव, यादी घेऊन.

धम्मा

सेलू
५ फेब्रुवारी २०२४

धम्मा,

तुझी गाडी देवगाव फाट्यावर तासभर उशिरा आली, तेवढ्या वेळात मी सगळं मनात जुळवून ठेवलं होतं, तरी मला जे बोलायचं होतं ते बोलता आलं न्हाई. सरजामावशी बाजूला होत्या हे निमित्त झालं. आपण पेल्याचं बोललो, मी तुझ्यासमोर रडले, ते झालं ते बरंच झालं. पण दुसरं एक राहिलं.

अठ्ठावीस तारखेला सदतीस माणसं आली. तू टेबलावर एकेकाला हाक मारून नाव खोडत होतीस. छत्तीस नावं झाली आणि राजेश्री येईना, तेव्हा तुझा चेहरा मी बघितला. तू खुर्ची सरकवून उठलीस आणि मला म्हणालीस, "मी जाते." मी बसायला सांगितलं तरी निघालीस. अर्ध्या तासानं दोघी ओघळीतून वर आलात, तिच्या चपलेचा पट्टा तुटलेला, तुझी साडी काट्यांनी फाटलेली. भुजंगरावांनी बांधावरनं ओरडून सांगितलं, "आल्या वो, दोगीबी आल्या!" त्या क्षणी मला तिथं उभं राहता येईना. मी पाण्याच्या टाकीमागं गेले. तुला वाटलं, दमले.

धम्मा, मी तुला पहिल्याच पत्रात खोटं लिहिलं होतं. सासूबाईंनी शेवटचं पाणी माझ्या हातचं घेतलं न्हाई. त्या दिवशी दुपारी चारला मी त्यांना म्हणलं, दहा मिनिटांत येते. दूध आणायचं होतं. दूध घेतलं आणि घराकडं वळलेच न्हाई. चालत सुटले. कुठं जायचं होतं असं न्हाई. तासाभरानं परत आले तेव्हा त्या गेल्या होत्या. मान दाराकडं वळलेली. पिशवीतलं दूध माझ्या हातात तसंच. मी पेल्यात पाणी घेतलं, त्यांच्या ओठांना लावलं आणि मग सगळ्यांना फोन केले. तुझ्या त्या पत्रात "कुणाला सांगितलं नाही" असं वाचलं तेव्हा मी तुला रागानं लिहिलं, पण तो राग तुझ्यावरचा नव्हता.

तुला सरांच्या दारात उभं राहायला सांगणारी मी. मग माझ्या घरातलं दार कोणतं?

मंगळवारी सकाळी हे त्यांच्या दुकानाला निघाले होते. चपला घालत होते तिथंच सांगितलं. "आई गेल्या तेव्हा मी घरात नव्हते."

त्यांनी वर बघितलं न्हाई. म्हणाले, "मला माहीत हाय. कडूबाईनं दुसऱ्याच दिवशी सांगितलं, मॅडम तळ्याकडं जाताना दिसल्या म्हणून."

"मग नऊ महिने बोललाव कामून न्हाई?"

"काय बोलू? चार वर्षांत तू पहिल्यांदा पाय मोकळे करायला गेली होतीस. मी लेक असून त्या खोलीत किती येळा बसलो, ते काढू का आता?"

"आणि मला असं वणवण फिरू दिलंत?"

"फिरताना तू बरी दिसायचीस," म्हणाले. "घरात बसलीस की नजरेत कोणी नसायचं."

मला राग आला, धम्मा, भयंकर राग आला. स्कूटी चालू केली, बंद केली, पुन्हा चालू केली. शाळेत दिवसभर फळ्यावर काय लिहिलं ते आठवत न्हाई. अजून आमचं पुरतं बोलणं झालेलं न्हाई. पण काल रविवारी मी झेंड्यांची पिशवी घेतली तर हे बूट घालून दारात. म्हणाले, "मलाबी एक नकाशा द्या, मॅडम."

पहिलाच झेंडा शोधायला त्यांना पाऊण तास लागला. ओघळीच्या त्या बाजूला गेले, या बाजूला आले, दोनदा माझ्या समोरनंच गेले. मला विचारायला त्यांना लाज वाटत होती आणि मी सांगितलं न्हाई. बोरीखाली दगडावर बसून बघत राहिले. बऱ्याच वेळानं राजेश्रीनं येऊन विचारलं, "मॅडम, तुमी आज अशा बसून कशा?" तेव्हा ध्यानात आलं की आपण बसलेलो आहोत.

तुझी
शिवा